पट्टा पडल्यावर भेटू

अंबाजोगाईच्या आमच्या ऑफिसात माझ्या टेबलामागे दोन कॅलेंडरं लटकतात. एक देणगीदार कंपनीनं पाठवलेलं, गुळगुळीत कागदाचं, एप्रिलपासून सुरू होणारं. त्यावर तिमाही अहवालांच्या तारखांना लाल गोल. दुसरं साधं कालनिर्णय. त्यावर पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात लिहिलेलं असतं: मृग, पोळा, मुकादम फिरायले, टोळ्या निघाल्या, पट्टा पडला.

परगावच्यांसाठी सांगते. साखर कारखान्याचा गाळप हंगाम संपला की आमच्याकडं ‘पट्टा पडला’ म्हणतात. धारूर, वडवणी, केज भागातल्या बालाघाटाच्या कडेच्या गावांत हे वाक्य मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलात ऐकू येतं, ऊस तोडायला गेलेली माणसं परततात, आणि मग पाच-सहा महिने कुलूप असलेल्या घरांतून धूर निघायला लागतो.

या उन्हाळ्यात समाजकार्याचं (एमएसडब्ल्यूचं) शिक्षण घेणारी एक मुलगी आमच्याकडं प्रकल्प करायला आली होती. वहीत व्यवस्थित प्रश्न लिहून आणलेले. तिसरा प्रश्न होता, ‘मॅडम, तुम्ही लोकल पार्टनर मॅनेज कसे करता?’ मी हसले आणि चहा सांगितला. ती गेली, तिचा अहवालही झाला असेल, पण तो प्रश्न माझ्याकडंच राहिला. वीसेक वर्षं हेच करते आहे आणि मला दोन ओळींत सांगता येईना. म्हणून हे लांबण.

आमची संस्था मोठी नाही, पण ज्या छोट्या स्थानिक संस्थांसोबत, म्हणजे त्या ‘लोकल पार्टनर’सोबत, आम्ही काम करतो त्यांच्या मानानं मोठीच म्हणायची. त्या संस्था म्हणजे तालुक्याच्या गावी एक खोली, एक लोखंडी कपाट, ‘स’ न उमटणारा कीबोर्ड, एक दुचाकी आणि सात विश्वस्त. सातांपैकी बैठकीला दोन येतात, बाकीच्यांच्या घरी रजिस्टर जातं. अशी प्रत्येक संस्था दोन कायद्यांखाली नोंदलेली असते, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि आपल्या राज्याचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाकायचा. अर्ज टाकणं आपल्या हातात असतं, मंजुरी नसते. आमच्या एका भागीदार संस्थेचे खजिनदार वारले, बदल अर्ज पडून राहिला, आणि तोवर बँक त्या मयत माणसाची केवायसी मागत होती. सचिव म्हणाले, ‘मॅडम, आता वर जाऊन अंगठा आणू का?’

असल्या संस्थेच्या हातात आपण प्रकल्प देतो. का देतो? कारण गावात रात्री नऊ वाजता मारुतीच्या पारावर बसून कोण कोणाशी बोलत नाही आणि का बोलत नाही हे त्यांना माहीत असतं. मला अंबाजोगाईत बसून ते वीस वर्षांतही कळलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी चूक.

२०१८. पाऊस दगा देऊन गेला होता. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारनं राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. त्या वर्षी एरवी घरी थांबणारी माणसंही कोयत्यावर गेली. (नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल, म्हणजे मजूर गोळा करणाऱ्या मुकादमानं दिलेली आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते, एकट्याला सहसा कुणी विचारत नाही.) आमच्याकडं एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे कंपन्या समाजकामासाठी देतात त्या पैशाचा, प्रकल्प होता. पहिला हप्ता जूनमध्ये यायचा तो नोव्हेंबरात आला, आणि खर्च मात्र ३१ मार्चलाच व्हायला हवा होता. त्यात एक ओळ होती: चाळीस महिलांसाठी दोन दिवसांचं शेळीपालन प्रशिक्षण. धारूर तालुक्यातल्या आमच्या भागीदार संस्थेनं ते डिसेंबरात केलं. कागद आले, फोटो आले, हजेरीपट आला. मी टिकमार्क केली.

जानेवारीत सहज म्हणून त्या गावाला गेले. जाण्याआधी गाडीत फाइल चाळत होते, तेव्हा हजेरीपटावर नजर अडकली. चाळीस सह्या, निळ्या बॉलपेनच्या. बॉलपेन एक असू शकतं, फिरवतात. पण प्रत्येक सहीतला ‘ळ’ एकाच तऱ्हेनं शेपूट फिरवत होता. काळे, शिरसाळे, आडनाव काहीही असो, शेपूट तेच.

गावात शिरले तर रस्त्याला म्हातारी माणसं, कोंबड्या, कुलपं. एका दारावर कुलपाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, गंजू नये म्हणून. शाळेत हंगामी वसतिगृहाची पोरं, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले म्हणून मागं राहिलेली, दुपारचं जेवत होती. त्यांतली आठवीतली एक मुलगी चुणचुणीत होती, तिला मी हजेरीपट दाखवला. ती जराही दचकली नाही. ‘मीच केल्यात की. गुरुजी म्हणले, तुझं अक्षर चांगलं आहे.’ मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ‘ही माझ्या आईची. ही मी तिच्यासारखीच काढली. बाकीच्यांच्या मला येत नाहीत.’

खरंच, ती एक सही वेगळी होती. मोठी, तिरकी, ओळीच्या बाहेर गेलेली. आई साक्षरता वर्गात शिकलेली असावी.

गुरुजी म्हणजे त्या संस्थेचे सचिव, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा माझा पारा चढलेला. त्यांनी स्टीलच्या ग्लासात चहा दिला, मी तो पिऊन मग भांडायचं ठरवलं. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

‘मॅडम, चाळीस बाया तुम्हाला डिसेंबरात पाहिजे होत्या. डिसेंबरात या गावात चाळीस बाया नसतात. हे मी तुम्हाला ऑगस्टात फोनवर सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणलात? ॲडजस्ट करा. केलं ॲडजस्ट.’

मी म्हटलं होतं. मला ते वाक्य म्हटल्याचं आठवतही होतं, बसस्टँडवर उभी होते, मागं लातूर गाडीचा भोंगा वाजत होता.

यानंतर मी काहीतरी धीरोदात्त केलं असं सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. दोन महिने मी फाइल ड्रॉवरमध्ये ठेवली. मग आमच्या कार्यकारिणीला सांगितलं, मग कंपनीला लेखी कळवलं. तिथल्या अधिकाऱ्यानं फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘पण फोटो आहेत ना?’ फोटोत वसतिगृहाच्या स्वयंपाकीण बाई, शेजारच्या वस्तीवरच्या सहा जणी आणि बऱ्याच म्हाताऱ्या होत्या. प्रशिक्षणाचे पैसे परत करायचं ठरलं. गुरुजींनी ते स्वतःच्या पेन्शनमधून तीन हप्त्यांत भरले, संस्थेच्या खात्यात तेवढे नव्हतेच. ते पैसे मी घेतले याची टोचणी अजून आहे. न घेऊन चाललं नसतं, तरी आहे. आमच्या कार्यकारिणीतल्या दोघांचं म्हणणं होतं, करार तोडा. मी म्हटलं, तोडायचा तर ऑगस्टातल्या फोनचं काय? तोही इतिवृत्तात लिहा. ते कुणाला नको होतं, म्हणून करार राहिला. तत्त्व वगैरे नंतर आलं.

एप्रिल २०१९ ला पट्टा पडला आणि मी रात्रीच्या बैठकीला गेले. बाया ट्रकमधून उतरून चारच दिवस झाले होते. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, डोळे खोल गेलेले. गुरुजींनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की तुमचं डिसेंबरात शेळीपालनाचं प्रशिक्षण झालेलं आहे. आधी शांतता. मग मागून एक आवाज: ‘मग शेळी कुठंय?’

इतकं हसणं मी त्या पाराजवळ कधी ऐकलं नव्हतं. हसण्याची लाट ओसरली तेव्हा खरं बोलणं सुरू झालं. त्यांना शेळीचं काही पडलेलं नव्हतं. सहा महिने दुसऱ्याच्या फडात पहाटे चारला उठून मोळ्या बांधून घरी यायचं आणि घरी प्यायला पाणी नाही, टँकरच्या मागं धावायचं, हे त्यांचं दुखणं होतं. गावाचा पाझर तलाव गाळानं भरलेला. ‘तो उकरा. आम्ही असताना उकरा.’

‘आम्ही असताना’ हे दोन शब्द मी वहीत लिहून घेतले. अशाच एका गोष्टीकडं तोवर माझं लक्ष गेलं नव्हतं. पाणी फाउंडेशनची गावांसाठीची पहिली जलसंधारण स्पर्धा २०१६ साली तीन तालुक्यांत झाली, वरूड, कोरेगाव आणि आमचं अंबाजोगाई. त्याच एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तेव्हा आम्ही सगळे त्या स्पर्धेच्या यशाबद्दल कलाकारांच्या नावापासून दुष्काळाच्या झळांपर्यंत हजार कारणं सांगायचो. एक कारण अगदी साधं होतं: ती उन्हाळ्यात होती. माणसं गावात होती.

पण बजेटमध्ये ओळ शेळीची होती. ती गाळाकडं वळवायला कंपनीची मंजुरी हवी. ई-मेल, फोन, सुधारित आराखडा, ‘आउटकम’ काय, लाभार्थी महिला कशा... सहा आठवडे गेले. मंजुरी आली तेव्हा मे संपत आला होता. त्या वर्षी मान्सूनच लांबला, जूनच्या शेवटापर्यंत आभाळात काही नव्हतं. जे आमच्या पथ्यावर पडलं तेच लोकांच्या मुळावर आलं होतं. एकोणीस दिवस काम मिळालं.

गाळाचं काम कसं चालतं ते थोडं सांगते, कारण भागीदारी म्हणजे काय हे मला कार्यशाळांपेक्षा त्या तलावात जास्त कळलं. मशीनचा खर्च प्रकल्पाचा, वाहतूक शेतकऱ्याची. सरकारच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेची २०१७ पासूनची रीत अशीच होती, आमची मांडणीही तशीच. शेतकरी स्वतःचा किंवा भाड्याचा ट्रॅक्टर आणतो, गाळ मुरमाड रानात पसरतो. म्हणजे ज्याला रान आहे आणि डिझेलला पैसे आहेत त्याचाच फायदा. बैठकीत हे गुरुजींनी सांगितलं नाही, मीही नाही. सांगितलं ते कोयत्यावरून आलेल्या एका विधवा बाईनं. तिचं एक एकर बरड, ट्रॅक्टर कुठला? आणि यादीत पहिली नावं कुणाची होती? सरपंचांच्या भावकीची. सरपंच कोण? गुरुजींचे साडू.

हेही लिहायला पाहिजे. ‘स्थानिक’ हा शब्द आपण अहवालात तुळशीपत्र ठेवल्यासारखा वापरतो. स्थानिक माणसाला गाव माहीत असतं, तसं गावालाही तो माहीत असतो. त्याला साडू असतो, भावकी असते, पुढच्या निवडणुकीत कुणाचं पॅनल हे असतं. आमच्या वाट्याला तर एक संस्था अशीही आली होती जिनं एकच बंधारा दोन देणगीदारांना दाखवला होता. फोटो तोच, बंधाऱ्यावरचं झाड तेच, फक्त फलक बदललेला. त्यांच्याशी संबंध आम्ही एका दिवसात तोडला, ड्रॉवर वगैरे काही नाही. गुरुजी आणि ते यांच्यात मला फरक वाटत होता आणि अजून वाटतो. गुरुजींनी आधी सांगितलं होतं.

तर यादी. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. ग्रामसभेसमोर, तांब्यात, लहान पोराच्या हातानं. आणि ज्यांच्याकडं ट्रॅक्टर नाही अशा सात जणींच्या वाहतुकीचा खर्च प्रकल्पातून, बाकीच्यांनी प्रत्येक दहा खेपांमागं एक खेप गावाच्या नर्सरीसाठी टाकायची. ही अट साडूंना आवडली नव्हती. पण चिठ्ठीत त्यांचं नाव अकरावं आलं आणि सगळं गाव बघत होतं.

खेपा मोजायला बसवलं त्याच बाईला, जिनं शेळी कुठंय विचारलं होतं. बाभळीखाली पोत्यावर बसायची, मांडीवर दोनशे पानी वही. ट्रॉली गेली की उभी रेघ, पाचवी रेघ आडवी. शेतकऱ्याच्या नावासमोर ट्रॅक्टरचा रंग लिहिलेला, कारण नंबर वाचायला वेळ लागतो. दुपारी जेवायला गेली तर वही सोबत. एका ट्रॅक्टरवाल्यानं अर्धी ट्रॉली भरून पूर्ण खेप लावायला सांगितली, तर तिनं अर्धीच रेघ मारली. मी ती वही पाहिली आहे, अर्ध्या रेघा आहेत त्यात.

एकोणीस दिवसांत २,१४० खेपा. पहिल्या दिवशीच ट्रॉली टेपनं मोजली होती, साधारण एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट. अहवालाच्या फॉर्मात रकाना घनमीटरचा. आमच्या ऑफिसातल्या नव्या मुलानं थेट २,१४० घनमीटर टाकलं आणि पाठवून दिलं. आठ दिवसांनी कंपनीकडून विचारणा, एका घनमीटरचा खर्च इतका जास्त कसा, बाजारभावाच्या तिप्पट? त्यांच्या मते कुणीतरी पैसे खाल्ले होते. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर. हिशेब लावला तर सहा हजारांच्या वर गाळ निघाला होता. मी त्या बाईच्या वहीची झेरॉक्स जोडून उत्तर पाठवलं. त्यावर आलेली टिप्पणी: ‘कृपया प्रमाणित नमुन्यात माहिती द्यावी.’ दिली. पण विश्वास कशावर ठेवावा असं कुणी मला विचारलं तर मी त्या अर्ध्या रेघांवर ठेवीन.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही करार नव्यानं लिहिला. आधीचा अडतीस पानांचा होता, इंग्रजीत, आणि गुरुजींनी प्रत्येक पानावर सही केली होती न वाचता. आम्हीही तो तिसऱ्याच कुणाच्या करारावरून उतरवला होता. नवा चार पानांचा, मराठीत, आणि सही करण्याआधी दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर मोठ्यानं वाचायचा.

मोठ्यानं वाचायची कल्पना माझी नाही, माझ्या आत्याची. मी उमरगा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी बारा वर्षांची होते. नंतरची दोन वर्षं गावात इतक्या जीपा आल्या की आम्ही पोरं त्यांच्या पाट्या पाठ करायचो. काही घरं बांधून देऊन गेल्या, काही ब्लँकेटं. पण ज्या गावांचं पुनर्वसन नव्हतं, घरं दुरुस्त करायची होती, तिथं स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं, म्हणजे प्रेमा गोपालन यांच्या गटानं, वेगळाच घाट घातला. गावातल्या बायांनाच संवाद सहायक केलं. सरकारचा जीआर वाचून दाखवायचा, हप्ता कशावर मिळतो ते घरोघर सांगायचं, काम झालं का बघायचं. आत्या त्यांतली एक. सातवी शिकलेली. ती ओट्यावर बसून कागद वाचायची आणि प्रत्येक कलमानंतर थांबून विचारायची, ‘कळलं का कुणाला? मला नाही कळलं.’ ती दोनदा वाचायची. इंजिनियर चिडायचा.

तर आमचा करारही तसाच वाचला. गुरुजींनी तिसऱ्या कलमाला थांबवलं. ‘खर्च करा, बिल द्या, मग पैसे’ असं ते कलम. म्हणाले, ‘आमच्या खात्यात अकरा हजार आहेत. पोरींचे पगार कुठून करू?’ तेव्हा कळलं की मागच्या वर्षी हप्ता लांबला म्हणून त्यांनी पतसंस्थेकडून कर्ज काढून दोन फील्डवर्करना पगार दिले होते. व्याज त्यांनीच भरलं, कारण बजेटमध्ये व्याज अशी ओळच नसते. मला हे माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. कलम बदललं: तीन महिन्यांचा खर्च आगाऊ, आणि पुढचा हप्ता पंधरा दिवस लांबला तर काम थांबवायचा अधिकार त्यांना.

हे शेवटचं वाक्य आमच्या हिशेबनिसाला मान्य नव्हतं. भागीदारानं काम थांबवायचं? हो. ‘नाही’ म्हणता येत नसेल तर तो गुत्तेदार झाला, मग त्याला गुत्तेदाराचा दर तरी द्या.

कलम सात माझ्या आवडीचं: ऑक्टोबर ते मार्च या काळात गावातल्या महिलांच्या हजेरीवर अवलंबून असलेला कोणताही कार्यक्रम ठेवायचा नाही. त्या काळात वसतिगृह, म्हाताऱ्यांची औषधं, हिशेब, नर्सरी. बायांचं जे काही ते पट्टा पडल्यापासून दसऱ्यापर्यंत. देणगीदारांना हे समजावताना मी आधी दहा स्लाइड दाखवायचे. आता कालनिर्णयचा फोटो पाठवते. निम्म्या जणांना पटतं.

मग २०२० आलं. कोविड तर होताच, पण आमच्यासारख्यांवर दुसरीही कुऱ्हाड पडली. सप्टेंबरच्या शेवटी परदेशी देणग्यांच्या कायद्यात, एफसीआरएत, दुरुस्ती लागू झाली. परदेशातून आलेला निधी एका संस्थेनं दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही, तिची नोंदणी असली तरी नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर. आणि परदेशी देणगीचं खातं दिल्लीत, स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत. अंबाजोगाईच्या संस्थेनं दिल्लीला खातं उघडायचं, लॉकडाऊनमध्ये. ते कसं उघडलं हा वेगळा लेख होईल, आणि त्यात फोटोकॉपीवाल्याचा सत्कार करावा लागेल.

कायद्यामागं सरकारची बाजू होती, पैशाचा माग लागत नाही ही. ती सगळीच खोटी नाही, फलक बदललेला बंधारा मी पाहिलाय. पण परिणाम असा झाला की आमच्या परदेशी निधीवर चालणाऱ्या दोन छोट्या संस्था एका महिन्यात निकामी झाल्या. त्यांची माणसं आम्ही आमच्या पगारपत्रकावर घेतली. तीच पोरगी, तेच गाव, तीच दुचाकी, पण ओळखपत्र आमचं. वडवणीकडच्या एका संस्थेच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, ‘ताई, आमची सून तुमच्याकडं नांदायला आली, आता आम्ही पाहुणे.’ मला उत्तर सुचलं नाही. तांत्रिकदृष्ट्या सगळं नियमात बसलं, ऑडिट स्वच्छ निघालं.

सीएसआरचे पैसे छोट्या संस्थांना देता येतात, पण तिथं दुसरा घोळ. २०२१ पासून कंपनीकडून काम घ्यायचं तर संस्थेनं सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करायची. ठीक आहे, भरला. पण नियमात प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चासाठी. गावात फिरणाऱ्या आमच्या माणसाचा पगार त्यात येत नाही. हे मी आतापर्यंत किती जणांना समजावलं असेल! समोरचा अधिकारी मान हलवतो आणि शेवटी म्हणतो, ‘तरी पाचच ठेवू या, सेफ.’ मग फील्डवर्करचा पगार ‘प्रशिक्षण साहित्य’ आणि ‘वाहतूक’ यांत मुरवायचा. म्हणजे आधी आम्हाला खोटं लिहायला लावायचं, आणि नंतर पारदर्शकतेवर कार्यशाळा घ्यायची. एकदा मी अशा बैठकीत म्हणाले, की मग बंधाऱ्यालाच सांगा रात्रीची बैठक घ्यायला. बोलायला नको होतं. तो प्रकल्प गेला.

अंबाजोगाईत काम करताना मानवलोकचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. डॉ. द्वारकादास लोहियांनी १९८२ साली सुरू केलेली संस्था. आमच्यातले कितीतरी जण तिथल्या शिबिरांत पहिल्यांदा टिकाव धरायला शिकले. जुने कार्यकर्ते भेटले की मी विचारते, तेव्हा लॉगफ्रेम (प्रकल्पाच्या उद्दिष्टांचा तक्ता) नव्हता, प्रगती मोजायचे इंडिकेटर नव्हते, तुम्हाला काम बरोबर चाललंय हे कसं कळायचं? एकानं सांगितलं, ‘मुक्कामाला गेल्यावर भाकरी कोणाच्या घरची येते यावरून.’ एकाच घरची येत राहिली तर समजायचं, आपण त्या घराचे झालो. मी हे आता फील्डवर्करना विचारते. फॉर्मात रकाना नाही, पण डायरीत लिहायला सांगते: या महिन्यात कोणत्या वस्तीवर जेवलीस.

गुरुजी दोन वर्षांपूर्वी सचिवपदावरून उतरले. गुडघे गेले. त्यांच्या जागी आली ती त्यांच्याच संस्थेतली फील्डवर्कर, जिचा पगार एकदा पतसंस्थेच्या कर्जातून झाला होता. बदल अर्ज टाकलाय, अजून मंजूर नाही, त्यामुळं बँकेच्या दृष्टीनं सचिव गुरुजीच. चेकवर सही करायला ती त्यांच्या घरी जाते, ते चहा देतात आणि प्रत्येक बिल उलटंपालटं करून बघतात. सह्यांवर तर विशेष लक्ष, म्हणे.

काल रात्री तिचा फोन आला.

‘ताई, मुकादम आलेत गावात. उचल वाटायलेत. या वर्षी लवकर. बायांची बैठक दसऱ्याच्या आधी धरली होती आपण, पण त्यांच्यातल्या निम्म्यांचं मन आत्ताच गाडीत बसलंय. या आठवड्यात घेता येईल का?’

मी म्हटलं, या आठवड्यात तिमाही अहवाल आहे, कंपनीचे लोक ऑनलाइन मीटिंगला येणार आहेत, गुरुवारी.

ती काही बोलली नाही. पलीकडं कुणीतरी भांडी घासत होतं, त्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, ‘मग ॲडजस्ट करू का?’

हसू ऐकू येत होतं तिच्या आवाजात. तिला ती सगळी गोष्ट माहीत आहे, गुरुजींनीच सांगितली असणार.

मीटिंग शुक्रवारवर ढकलली आहे. कंपनीला मेल टाकला, कारण म्हणून कलम सात लिहिलं. गुरुवारी दुपारची धारूर गाडी, बैठक रात्री साडेआठला, बाया भाकरी उरकून येतात तेव्हा. वह्या घेऊन जायच्या आहेत, दोनशे पानी, आठ. आणि यावेळी खरोखरच शेळ्यांचा विषय आहे, त्यांनीच काढलाय.